खेळाडू ओळखायचा तो सामन्यात



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची हयात शाळकरी पोरांना फुटबॉल शिकवण्यात गेली. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून खेळाची थोरवी गाण्यापेक्षा, संघ निवडणाऱ्या प्रत्येकाला छळणारा एक प्रश्न घ्यावा असं मी ठरवलं. अकरा जण उतरवायचे आहेत आणि पंचवीस जण बूट बांधून उभे आहेत. कोणाला घ्यायचं हे कशावरून ठरवायचं? आठवडाभर सरावात तो कसा दिसला यावरून, की सामन्यात तो काय करतो यावरून? माझा कौल सामन्याच्या बाजूने आहे. पण तो कौल दिला की एक जबाबदारी अंगावर येते. ती आपण आजवर नीट उचललेली नाही, आणि आजचं माझं बोलणं शेवटी तिच्याकडेच जाणार आहे.

सुरुवात एका प्रसिद्ध रात्रीपासून करतो. ११ जुलै २०२१, लंडनचं वेम्ब्ली मैदान, युरो स्पर्धेचा अंतिम सामना. कोरोनामुळे स्पर्धा वर्षभर लांबली होती, नाव मात्र युरो २०२० हेच राहिलं होतं. इंग्लंडच्या ल्यूक शॉने दुसऱ्याच मिनिटाला गोल केला, ६७ व्या मिनिटाला इटलीच्या बोनुचीने बरोबरी साधली. मग जादा वेळ झाला, त्यातही निकाल लागला नाही. खेळ संपायला मिनिटभर राहिलं असताना इंग्लंडचे प्रशिक्षक गॅरेथ साउथगेट यांनी मार्कस रॅशफर्ड आणि जेडन सँचो या दोघांना उतरवलं, ते केवळ पेनल्टी मारण्यासाठी. हॅरी केन आणि हॅरी मॅग्वायर यांनी आपापल्या पेनल्टी गोलात घातल्या. रॅशफर्डचा चेंडू खांबाला लागला. सँचोचा चेंडू इटलीचा गोलरक्षक दोन्नारुम्मा याने अडवला. पाचवी आणि शेवटची पेनल्टी होती एकोणीस वर्षांच्या बुकायो साकाची. वरिष्ठ पातळीवरच्या सामन्यात त्याने तोवर एकही पेनल्टी मारलेली नव्हती. दोन्नारुम्माने तीही अडवली आणि इटलीने पेनल्टींचा हा शूटआउट ३-२ असा जिंकला.

सामना संपल्यावर साउथगेट यांनी सगळी जबाबदारी स्वतःवर घेतली. पेनल्टी कोणी मारायच्या हे मी ठरवलं, आणि सरावात प्रत्येकाने जे करून दाखवलं होतं त्यावरून ठरवलं, असं त्यांनी सांगितलं. पुढच्या काही दिवसांत त्या तिन्ही कृष्णवर्णीय मुलांवर जी वंशद्वेषी गरळ ओकली गेली, ती आठवली की आजही संताप येतो. कोणाच्या पायात चेंडू द्यायचा हा निर्णय प्रशिक्षकाचा असतो. तो चुकला तर त्याची सर्वांत जड किंमत मात्र ज्याला पुढे पाठवलं त्याला मोजावी लागते. निवडीचा प्रश्न मी इतका मनाला लावून घेतो तो यासाठी.

साउथगेट यांच्याबद्दल मला आदर आहे, आणि पेनल्टी हुकण्याचं दुःख त्यांना कोणी शिकवायची गरज नाही. १९९६ च्या युरो स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात, जुन्या वेम्ब्लीवर, जर्मनीविरुद्ध हुकलेली पेनल्टी त्यांचीच होती. असा माणूस निष्काळजीपणे यादी करणार नाही. त्यांनी महिनाभर मोजमाप केलं, नोंदी ठेवल्या, आणि सरावात ज्यांचे चेंडू सर्वांत नेमके जात होते त्यांना निवडलं. कागदावर त्यात काहीच चूक नव्हती. खोट होती ती सरावात मोजलेल्या गोष्टीतच.

सरावातल्या पेनल्टीत काय असतं ते पाहा. गोलपासून चेंडूचं अंतर तेच, अकरा मीटर. गोल तेवढाच रुंद, चेंडू त्याच वजनाचा. पण समोर उभा असतो आपलाच गोलरक्षक. रोज एकत्र जेवणारा, हुकलं तर हसून चेंडू परत फेकणारा. एक हुकली तर दुसरी मारता येते, दुसरी हुकली तर तिसरी. सामन्यात मध्यरेषेपासून गोलापर्यंत एकट्याने चालत जावं लागतं. पायांत दोन तासांचा थकवा असतो, किंवा रॅशफर्ड-सँचोसारखा उलटा प्रकार असतो: अंगात अजून खेळच उतरलेला नसतो. समोरचा गोलरक्षक परका असतो, उंच असतो, आणि तुम्ही मागच्या वेळी कुठल्या कोपऱ्यात मारली होती हे त्याला पाठ असतं. आणि ही एकच पेनल्टी असते. पुन्हा मारायची सोय नाही.

नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ गेइर जॉर्डेट यांनी मोठ्या स्पर्धांमधल्या शूटआउटचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे. त्यांचा एक निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. जी पेनल्टी लागली की सामना जिंकलाच, ती मारणारे खेळाडू बहुतेक वेळा गोल करतात. जी हुकली की सामना गेलाच, तिथे यशाचं प्रमाण फार खाली येतं. चेंडू तोच आणि अंतरही तेच. तरी मारणाऱ्याच्या डोक्यावर काय लटकतं आहे यानुसार पाय वेगळा वागतो. सरावाच्या मैदानावर ही टांगती तलवार आणता येत नाही, म्हणून तिथलं प्रमाण वेगळं निघतं.

आता कोणी म्हणेल, तुमच्याच उदाहरणात तुमच्या विरुद्ध जाणाऱ्या गोष्टी आहेत. आहेतच, आणि त्या लपवणार नाही. रॅशफर्ड काही पेनल्टीला नवखा नव्हता. मार्च २०१९ मध्ये पॅरिसला, चॅम्पियन्स लीगमध्ये, सामन्याच्या अगदी शेवटी मँचेस्टर युनायटेडला पुढच्या फेरीत नेणारी पेनल्टी त्यानेच मारली होती. इटलीकडूनही अंतिम सामन्याच्या त्या रात्री जोर्जिन्योची पेनल्टी इंग्लंडचा गोलरक्षक जॉर्डन पिकफर्डने अडवली. लागली असती तर सामना तिथेच संपत होता. हा तोच जोर्जिन्यो, ज्याने पाचच दिवसांपूर्वी उपांत्य फेरीत स्पेनविरुद्ध निर्णायक पेनल्टी अगदी थंडपणे मारली होती. पुढे विश्वचषक पात्रतेत स्वित्झर्लंडविरुद्ध त्याच्या दोन पेनल्टी हुकल्या. इटली गटात दुसरी आली, मग उत्तर मॅसिडोनियाकडून हरली आणि २०२२ च्या विश्वचषकालाच मुकली. तेव्हा सामन्यातली जुनी कामगिरी ही हमी नव्हेच. पण निवड हा हमी मिळवण्याचा उद्योग नाही. हाताशी असलेल्या पुराव्यांपैकी कुठला जास्त भरवशाचा, एवढंच ठरवायचं असतं. साउथॅम्प्टनच्या मॅट ल टिसियेने क्लबसाठी ४८ पेनल्टी मारल्या आणि त्यांतल्या ४७ गोलात गेल्या. असा पुरावा समोर असताना कोणी सरावातले आकडे मागणार नाही.

स्पेनचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. २०२२ च्या कतार विश्वचषकाआधी प्रशिक्षक लुईस एन्रिके यांनी आपल्या खेळाडूंना गृहपाठ दिला होता. क्लबकडे परत गेलात की किमान हजार पेनल्टी मारून या. ६ डिसेंबरला उपउपांत्यपूर्व फेरीत मोरोक्कोशी गाठ पडली, गोलशून्य बरोबरीनंतर शूटआउट आला. पाब्लो साराबियाला जादा वेळेच्या अखेरीस पेनल्टीच्या हिशेबानेच आत आणलं होतं. त्याचा चेंडू खांबाला लागला. मग सोलेर, मग बुस्केट्स, दोघांचे चेंडू मोरोक्कोचा गोलरक्षक यासिन बुनूने अडवले. स्पेनचा एकही गोल झाला नाही. समोरून अश्रफ हकिमीने चेंडू गोलाच्या मधोमध हलकेच उचलून टाकला आणि मोरोक्को पुढच्या फेरीत गेलं.

यातून कोणी असा अर्थ काढू नये की सराव फुकट आहे. तसं मानणारे प्रशिक्षकही होऊन गेले. १९९८ च्या विश्वचषकात इंग्लंडचे प्रशिक्षक असलेले ग्लेन हॉडल यांचं मत होतं की शूटआउटचा ताण सरावात आणताच येत नाही, तेव्हा सराव करून उपयोग नाही. अर्जेंटिनाविरुद्ध सेंट एटिएनला शेवटची पेनल्टी मारायला गेला डेव्हिड बॅटी, ज्याने व्यावसायिक कारकिर्दीत तोवर एकही मारली नव्हती. ती अडवली गेली. हॉडल यांचं निदान अर्धं बरोबर होतं, त्यावरचा उपाय पूर्ण चुकीचा. खुद्द साउथगेट यांनी २०१८ मध्ये संघाकडून चालत जाण्यापासून श्वास घेण्यापर्यंतची तयारी करून घेतली, आणि इंग्लंडने कोलंबियाविरुद्ध विश्वचषकातला आपला पहिला शूटआउट जिंकला. सराव सामन्यासारखा केला तर त्याचा उपयोग होतो. पण तयारीसाठी वापरायचा सराव आपण परीक्षा म्हणून वापरू लागलो की गडबड होते.

साकाचं पुढे काय झालं तेही सांगतो. आर्सेनलने त्याला सामन्यांमध्ये पेनल्टी मारायला दिल्या. एक नाही, अनेक. काही हुकल्याही. जुलै २०२४ मध्ये युरोच्या उपांत्यपूर्व फेरीत स्वित्झर्लंडविरुद्ध पुन्हा शूटआउट आला, तेव्हा साका पुढे गेला आणि त्याने गोल केला. त्या दिवशी इंग्लंडचे पाचही चेंडू गोलात गेले. पाचांत कोल पामर होता, ज्याने नुकत्याच संपलेल्या मोसमात चेल्सीसाठी प्रीमियर लीगमध्ये नऊपैकी नऊ पेनल्टी मारल्या होत्या, आणि आयव्हन टोनी होता, ज्याचं नावच पेनल्टीसाठी घेतलं जातं. २०२१ आणि २०२४ च्या यादीतला हा फरक मला डोळ्यांत भरतो. मधल्या तीन वर्षांत साउथगेट यांना सामन्यांतून तयार झालेली माणसं मिळाली होती.

आपल्याकडे ज्यांनी कुस्ती पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. तालमीत जोर करताना दहा जणांना लोळवणारा गडी खासबागेच्या मैदानात हजारो लोकांसमोर उतरला की दोन मिनिटांत चीत होतो, आणि तालमीत गप्प राहून लाल माती अंगाला लावणारा एखादा पोरगा मैदानात निकाली कुस्ती मारतो. वस्तादाला दोघांचीही पारख असते. पण जोड लावताना तो मैदानातल्या कुस्त्या आठवतो.

पेनल्टीवर मी इतका वेळ थांबलो, कारण तिथे सराव आणि सामना यांतला फरक सर्वांत उघडा दिसतो. बाकीच्या खेळात तो लपलेला असतो, आणि तिथे तो जास्त महत्त्वाचा आहे. सरावात आपण मुलांना शंकू मांडून देतो. चेंडू इकडून येणार, तिकडे द्यायचा, हे त्याला आधीच ठाऊक असतं. सामन्यात पास यायच्या आधी मान वळवून मागे कोण आहे हे पाहावं लागतं, आणि चेंडू पायाशी येईपर्यंत पुढची चाल ठरलेली असावी लागते. मोठे मध्यरक्षक सतत मान फिरवत असतात. शंकूंच्या मधून फिरताना ही सवय कधीच दिसून येत नाही, कारण शंकू मागून येऊन चेंडू काढून घेत नाही.

सामना पाहताना मी काय शोधतो ते सांगतो, निवड समितीवर बसणाऱ्यांना कदाचित उपयोगी पडेल. चेंडू हरवल्यानंतरचे पहिले चार सेकंद. तो हात पसरून पंचाकडे पाहतो की वळून धावतो? ८० व्या मिनिटाला, संघ एका गोलाने मागे असताना, तो चेंडू मागतो की प्रतिस्पर्ध्याच्या मागे दडतो? सोबत्याने चुकीचा पास दिला तर त्याच्यावर ओरडतो की तो चुकीचा पास चांगला करून दाखवतो? डाव्या पायावर ढकललं गेल्यावर काय करतो? आणि सर्वांत महत्त्वाचं, चेंडू त्याच्याकडे नसतो त्या ८७-८८ मिनिटांत तो कुठे उभा असतो? कारण नव्वद मिनिटांच्या खेळात एका खेळाडूच्या पायाशी चेंडू असतो तो जेमतेम दोन-तीन मिनिटं. सरावातला चपळ पोरगा त्या दोन-तीन मिनिटांत डोळे दिपवतो, आणि उरलेल्या वेळेचा हिशेब आपण मागतच नाही.

कामगिरी म्हणजे केवळ गोल नव्हेत, हेही इथेच म्हणतो. आघाडीपटूचा चेंडू खांबाला लागून बाहेर गेला म्हणून तो वाईट ठरत नाही. तो योग्य वेळी त्या जागी पोहोचला होता का, हे पाहायचं. आजकाल मिळालेल्या संधीचं मोल आकड्यांत मांडतात, ते यासाठीच. एखाद-दुसऱ्या सामन्यात नशिबाचा वाटा मोठा असतो, वीस सामन्यांत तो बराच कमी होतो.

इतिहासातले मोठे निवडकर्ते याच वाटेने गेलेले दिसतात. १९५८ च्या विश्वचषकाआधी ब्राझीलच्या संघासोबत जुआओ कार्व्हालाएस नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी खेळाडूंच्या चाचण्या घेतल्या आणि सतरा वर्षांचा पेले अजून पोरसवदा आहे, गारिंचाही मोठ्या सामन्यांच्या ताणाला उतरणारा नाही, असा अहवाल दिला. पेले यांनी ही हकिकत स्वतःच्या आत्मचरित्रात सांगितली आहे. प्रशिक्षक विसेंते फेओला यांनी तो अहवाल बाजूला ठेवला. पेलेचा गुडघा दुखावलेला होता, त्यामुळे पहिले दोन सामने तो बाहेरच होता. १५ जून १९५८ ला गोटेनबर्ग इथे सोव्हिएत संघाविरुद्ध पेले आणि गारिंचा एकत्र उतरले. सुरुवातीच्या काही मिनिटांतच दोघांचेही चेंडू गोलच्या चौकटीला लागले. ब्राझील २-० ने जिंकलं, पुढे विश्वचषकही जिंकला. ते दोघे एकत्र खेळले असा एकही सामना ब्राझील कधी हरलं नाही. कागदावरची चाचणी मैदानाला किती परकी असू शकते, याचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

पण मला सर्वांत जास्त विचार करायला लावते ती इटलीच्या पाओलो रॉसीची निवड. १९८० च्या सामनेनिश्चिती प्रकरणात त्याच्यावर बंदी आली, ती दोन वर्षांची ठरली. एप्रिल १९८२ मध्ये ती संपली आणि मोसमाच्या शेवटी युव्हेंटसकडून तो जेमतेम तीन सामने खेळला. इटलीच्या लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा रोमाचा रोबेर्तो प्रुत्झो होता. प्रशिक्षक एंझो बेअर्झोत यांनी प्रुत्झोला घरी ठेवलं आणि रॉसीला स्पेनमधल्या विश्वचषकाला नेलं. पहिले चार सामने रॉसी हरवल्यासारखा वावरला. एकही गोल नाही. पहिल्या फेरीत इटलीने तिन्ही सामने बरोबरीत सोडवले, इटालियन वर्तमानपत्रांनी संघाला सोलून काढलं, आणि संघाने पत्रकारांशी बोलणंच बंद केलं. बेअर्झोत हलले नाहीत. ५ जुलै १९८२ ला बार्सिलोनात ब्राझीलविरुद्ध रॉसीने तीन गोल केले. उपांत्य सामन्यात पोलंडविरुद्ध दोन, अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीविरुद्ध पहिला. एकूण सहा. विश्वचषक इटलीचा.

बेअर्झोत यांनी काय पाहिलं होतं? सरावातला रॉसी तेव्हा काही विशेष नव्हता, ताजे सामने तर नव्हतेच. त्यांच्या डोळ्यांसमोर होता १९७८ चा अर्जेंटिनातला विश्वचषक, ज्यात रॉसीने तीन गोल केले होते आणि बचावाच्या पाठीमागे सरकण्याची त्याची ती अचूक वेळ जगाने पाहिली होती. म्हणजे ते सामन्यावरूनच निवडत होते, पण कुठल्या सामन्यावरून हे त्यांनी स्वतः ठरवलं. लीगच्या तीसेक सामन्यांपेक्षा विश्वचषकातल्या त्या काही सामन्यांना त्यांनी अधिक वजन दिलं. यात धोका होता. ब्राझीलविरुद्धही रॉसी तसाच हरवलेला राहिला असता, तर आज आपण बेअर्झोत यांना हटवादी म्हटलं असतं. तरीही मला त्यांची रीत पटते. निवड ज्या पातळीच्या सामन्यासाठी करायची, त्या पातळीच्या सामन्यात माणूस काय करतो, हाच पुरावा सर्वांत जवळचा.

सरावाच्या बाजूने एक मोठा आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक आहे. प्रशिक्षक म्हणतात, सरावाला दांडी मारणाऱ्याला सामन्याच्या जोरावर घेतलं तर उद्या सरावाला कोण येईल? रोमारियोचं उदाहरण नेहमी दिलं जातं. सरावाचा त्याला कंटाळा होता हे जगजाहीर आहे. राखीव खेळाडूंत बसवल्याबद्दल त्याने तक्रार केली, म्हणून प्रशिक्षक पारेइरा यांनी त्याला ब्राझीलच्या संघातून बाहेर ठेवलं. १९९३ मध्ये पात्रता फेरीचा शेवटचा सामना उरुग्वेविरुद्ध माराकाना मैदानावर होता आणि ब्राझीलची जागा पक्की झालेली नव्हती. पारेइरा यांनी रोमारियोला बोलावलं. त्याने दोन्ही गोल केले, ब्राझील २-० ने जिंकलं, पुढच्या वर्षी विश्वचषकही आला आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू रोमारियोच ठरला.

यावरून सरावाला न येणाऱ्यांचं समर्थन मी करणार नाही. पंधरा वर्षांच्या मुलाने सरावाला आलंच पाहिजे, आणि न आल्यास त्याला बाहेर बसवण्याचा अधिकार प्रशिक्षकाला हवा. पण ती शिस्तीची शिक्षा आहे, गुणवत्तेचा निकाल नव्हे. 'तू आला नाहीस म्हणून तू आज खेळणार नाहीस' आणि 'तू कमी दर्जाचा खेळाडू आहेस' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या अनेक संघांत दुसरी गोष्ट पहिलीच्या वेषात सांगितली जाते. उलटही होतं. रोज सर्वांच्या आधी येणारा, शंकू मांडणारा, सरांना आवडणारा मुलगा संघात घेतला जातो, आणि सामन्यात तो दबला की त्याच्यावरच राग निघतो. त्याच्या कष्टांचा मान ठेवायचाच. पण त्यासाठी त्याला झेपणार नाही अशा जागी उभं करणं म्हणजे त्याच्यावर केलेला अन्याय आहे.

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे येतो. आपल्याकडे जिल्ह्याचा, राज्याचा, अकादमीचा संघ कसा निवडला जातो? निवड चाचणीवरून. एका दिवशी सकाळी दोन-तीनशे मुलं मैदानावर जमतात. छातीवर क्रमांक चिकटवतात. धावायला लावतात, उंची पाहतात, मग दहा-पंधरा मिनिटांचा एक खेळ होतो, ज्यात बावीसही अनोळखी मुलं स्वतःला दाखवण्यासाठी चेंडू पायाशी धरून ठेवतात. कोण कोणाला पास देणार? पास दिला तर तो दिसणार आणि मी बाहेर जाणार, हे बारा वर्षांच्या मुलालाही कळतं. ज्या गुणांवर फुटबॉल उभा आहे, तेच गुण चाचणीच्या दिवशी तोट्याचे ठरतात. त्यात एक जैविक अन्यायही दडलेला असतो. वयोगट वर्षाच्या पहिल्या तारखेला मोजतात, म्हणून जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरातल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असूनही एकाच गटात येतो. तेराव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे हातभर उंची आणि दुप्पट ताकद वाटू शकते. युरोपातल्या अकादम्यांतही वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेली मुलं प्रमाणाबाहेर जास्त निवडली जातात, हे अनेक अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

आंत्वान ग्रिझमान लहान चणीचा म्हणून फ्रान्समधल्या एकामागून एक क्लबने त्याला परत पाठवलं. चाचणीवर असताना पॅरिसमधल्या एका कुमार स्पर्धेत तो मॉन्पेलियेकडून खेळला आणि स्पेनच्या रेआल सोसिएदादसाठी मुलं हेरणाऱ्या एरिक ओलाट्सने त्याला तिथे सामन्यात पाहिलं. पुढे २०१८ चा विश्वचषक जिंकणाऱ्या फ्रान्सच्या संघात तो होता. जेमी व्हार्डीलाही शेफिल्ड वेन्सडेने सोळाव्या वर्षी लहान म्हणून सोडलं. तो खालच्या पातळीच्या लीगमध्ये वर्षानुवर्षं सामने खेळत राहिला, तिथे त्याचे गोल कोणीतरी मोजत होतं, म्हणून २०१६ मध्ये लेस्टर सिटीच्या विजेत्या संघात तो होता. इंग्लंडमध्ये त्याला ही दुसरी वाट मिळाली, कारण तिथे आठव्या-नवव्या पातळीवरही दर शनिवारी सामना असतो. आपल्याकडे सोळाव्या वर्षी बाहेर पडलेल्या मुलाला कुठला शनिवार मिळतो?

आपल्या देशातही एक चांगलं उदाहरण आहे. २०१७ ची सतरा वर्षांखालची विश्वचषक स्पर्धा भारतात होणार होती. राष्ट्रीय संघाची तयारी कितीतरी आधी सुरू झाली होती, मुलं परदेशातही नेली होती. तयारीच्या शेवटच्या टप्प्यात मिनर्व्हा अकादमीच्या मुलांनी या संघाविरुद्ध मैत्रीपूर्ण सामन्यात असा खेळ केला की प्रशिक्षक लुईस नॉर्टन द मातोस यांनी त्यांच्यातल्या काही जणांना संघात घेतलं. मणिपूरचा जॅक्सन सिंग त्यांतलाच. ९ ऑक्टोबर २०१७ ला दिल्लीत कोलंबियाविरुद्ध संजीव स्टॅलिनच्या कॉर्नरवर जॅक्सनने हेडर मारला आणि फिफाच्या कुठल्याही विश्वचषकातला भारताचा तो पहिला गोल ठरला. त्याच संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. शिबिरांत न वाढलेला एक मुलगा, एका सामन्यातल्या खेळावरून आत आला आणि त्याने इतिहास घडवला. तो मैत्रीपूर्ण सामना ठरवलाच नसता तर?

कोल्हापूरचं नाव निघालं तर एक गोष्ट अभिमानाने सांगतो. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, या तालमी आणि मंडळांचे संघ शाहू स्टेडियमवर खेळतात तेव्हा पेठाच्या पेठा मैदानावर येतात. तिथल्या मुलाला सतराव्या-अठराव्या वर्षीच हजारो लोकांसमोर, शेजारच्या गल्लीतल्या लोकांच्या ओरडण्यात, चेंडू पायाशी ठेवावा लागतो. हा ताण देशातल्या कुठल्याही अकादमीत पैसे मोजून विकत मिळत नाही. गोव्यातही गावागावांतल्या चर्चच्या मैदानांवर मुलं लहानपणापासून सामने खेळत मोठी झाली, आणि भारतीय संघाला गोव्याने इतके खेळाडू दिले त्यामागे हे एक मोठं कारण आहे असं माझं मत आहे.

मघाशी म्हटलेली जबाबदारी ती हीच. सामन्यावरून निवडा असं म्हणायचं तर आधी सामने द्यावे लागतात. ज्याला वर्षात चारच सामने मिळतात, आणि तेही एकदा हरलं की बाहेर अशा स्पर्धेत, त्याला सामन्यावरून कसं पारखणार? आपल्या शालेय स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीच्या आहेत. पहिल्याच फेरीत बलाढ्य शाळेशी गाठ पडली की संपूर्ण संघाचं वर्ष एका दुपारी संपतं. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१८ मध्ये लहान मुलांसाठी गोल्डन बेबी लीग सुरू केली, २०२२ मध्ये व्यावसायिक क्लबच्या तरुण संघांसाठी गोव्यात विकास लीग सुरू झाली. ही पावलं योग्य दिशेने आहेत. पण तालुक्याच्या शाळेतल्या तेरा वर्षांच्या मुलामुलींपर्यंत ती पोहोचायला हवीत. मुलींचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण त्यांच्या वाट्याला येणारे सामने मुलांपेक्षाही कमी आहेत, आणि मग 'मुलींत खेळाडू नाहीत' असा निष्कर्ष आपणच काढतो.

खर्चाचा प्रश्न निघतो. साखळी सामन्यांना मैदान लागतं, पंच लागतात. मान्य. पण मुलांना नव्वद मिनिटांचे सामने लागत नाहीत. सात जणांचे संघ, अर्ध्या मैदानावर, पंचवीस-पंचवीस मिनिटांचे दोन भाग, एकाच रविवारी चार शाळा एकमेकींशी खेळू शकतात. मोठी मुलं पंच होऊ शकतात, त्यातून त्यांना नियमही कळतील. निवड समितीचे सदस्य चाचणीचा एक दिवस ठेवण्याऐवजी असे सहा रविवार बसले, तर त्यांना शेकडो मुलं दहा-दहा वेळा दिसतील, हरताना आणि जिंकताना दोन्ही वेळा.

एक शेवटची गोष्ट राखीव खेळाडूंची. प्रत्येक संघात बाकावर बसणारी पाच-सात मुलं असतात, जी मोसमभर सराव करतात आणि सामन्यात दहा मिनिटंही उतरत नाहीत. मोसमाच्या शेवटी त्यांना सांगितलं जातं की सामन्यात तुझी काही कामगिरी नाही. त्यांना खेळवायचं नाही आणि न खेळल्याबद्दल बाद करायचं, हे चालू देता कामा नये. इंग्लंडमध्ये राखीव संघांच्या वेगळ्या लीग शंभराहून अधिक वर्षांपासून आहेत. आपल्या शाळांनी आणि तालमींनीही दुसऱ्या फळीचे सामने भरवावेत, आणि पुढच्या मोसमाचं वेळापत्रक करायला बसाल तेव्हा त्या सामन्यांच्या तारखा आधी लिहाव्यात, उरलेल्या जागेत बाकीचे बसवावेत, एवढी विनंती इथल्या शिक्षकांना आणि संघचालकांना करतो आणि आपली रजा घेतो.